पावसाआधी कौलारू घर: म्हापशाच्या खोर्लीतून

गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात दारात येतो, म्हणून कौले मे अर्धा सरायच्या आत परता, म्हणजे काढून नीट पुन्हा बसवा. नंतर कामगार मिळत नाहीत, मिळाले तर भाव खातात.

भर दुपारी खिडक्या लावून घरात उभे राहा. छपरातून जिथे उजेड डोकावेल तिथे खडूने वाशावर खूण करा. वाशांना आणि रीपांना (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या) स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी लागली आहे किंवा लाकूड कुजले आहे, आधी ते बदला.

कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणले तर ठेवा, भद्द वाजले तर काढा. मात्र दुकानातले नवे कौल जुन्यात बसेलच असे नाही. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 साली कौलांचा कारखाना काढला, मग अनेकांनी काढले, आणि प्रत्येकाच्या खाचा थोड्या वेगळ्या. म्हणून मागच्या बाजूचा छाप वाचा आणि आसपास घर पाडतायत का, कान ठेवा. तिथली जुनी कौले उत्तम. छपरावर पाय द्यायचा तो वाशाच्या रेषेवर, कौलाच्या मधोमध नाही.

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला सिमेंट फासू नका. ओल आतच कोंडते. चुन्याचा गिलावा बरा. पावसाकडच्या भिंतीला माडाच्या झावळ्या बांधा. शेजारचे लोक कौलांऐवजी पत्रे घाला म्हणतील. पावसात त्यांच्याच पत्र्याखाली बसून गप्पा मारून बघा, एक शब्द ऐकू येणार नाही.

गटार मात्र शेजाऱ्यांना सोबत घेऊनच उपसा, नाहीतर त्यांचे पाणी तुमच्या अंगणात. शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी करतानाच हे ठरवून टाका.