दुबईच्या खरेदीदाराला माल देण्यापूर्वी

आखातात हळद, कांदा, द्राक्षं पाठवणारे नवे निर्यातदार फक्त ऑनलाइन ओळखीवरच फसतात असं नाही. काही जण फसतात स्वतः दुबईला जाऊन, ऑफिस पाहून, माणसाला भेटून आल्यावर. प्रत्यक्ष भेटीने खात्री पटते, आणि फसवणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

पद्धत ठरलेली आहे. दुबईच्या देइरा किंवा बिझनेस बे या भागांत भाड्याचं ऑफिस, रिसेप्शनवर माणूस, विमानतळावर घ्यायला गाडी. पहिली ऑर्डर लहान, पैसे रोख. दुसरीचेही वेळेवर. तिसरी ऑर्डर चार-पाच कंटेनरची, आणि हातात ६० किंवा ९० दिवसांनंतरच्या तारखेचा चेक. त्याच सुमारास तशीच मोठी ऑर्डर इतर अनेक पुरवठादारांनाही गेलेली असते. माल खरेदी किमतीच्याही खाली बाजारात विकला जातो. चेकची तारीख येईपर्यंत ऑफिसला कुलूप.

‘तिथे चेक वटला नाही तर तुरुंग’ या जुन्या समजावर विसंबू नका. २ जानेवारी २०२२ पासून खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे परत आलेला चेक हा तिथे सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. चेकच्या आधारे थेट वसुलीसाठी कोर्टात जाता येतं, पण कंपनीच्या नावावर काहीच नसेल तर वसूल काय करणार?

म्हणून तिकीट काढण्याआधी घरूनच तपास करा. ट्रेड लायसन्सची (व्यवसायाच्या परवान्याची) प्रत मागा आणि तिच्यावरचा नंबर यूएईच्या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. त्यांनी पाठवलेली लिंक वापरू नका. लायसन्स जुनं असलं तरी मालक नुकतेच बदललेत का, हे जरूर पाहा, कारण जुनं नाव मिळावं म्हणून बंद पडत आलेल्या कंपन्या विकत घेतल्या जातात. व्हॅट नोंदणीचा क्रमांक १५ अंकी असतो, तोही तिथल्या कर विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. एकच कंपनी तांदूळ, टायर आणि लॅपटॉप असं सगळंच उधारीवर मागत असेल तर तिथेच थांबा. शेवटी ईसीजीसीकडे (निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणारी भारत सरकारची कंपनी) त्या खरेदीदारावर उधारीची मर्यादा मागा. मर्यादा नाकारली तर उधारी नकोच; अगदी कमी दिली, तर तेवढ्याच रकमेची उधारी द्या. हा सल्ला टाळू नका, पैसे हाच वाचवतो.

दुबईत पोचल्यावर ऑफिसपेक्षा बाजार पाहा. फळं-भाजीचा व्यवहार असेल तर अल अवीरच्या घाऊक बाजारात पहाटे जा आणि या खरेदीदाराचा गाळा कुठे आहे, तो माल कोणाकडून घेतो, हे शेजारच्या व्यापाऱ्यांना विचारा. त्याच फेरीत दुसरा एक खरेदीदारही हेरून ठेवा. त्याचा उपयोग पुढे सांगतो. न समजणाऱ्या अरबी कागदावर सही नको, ‘गॅरंटी’ म्हणून कोरा चेक नको, पासपोर्ट एजंटकडे ठेवायला देणं नको. नोंदणी फी, चेंबरची फी, वकिलाची फी अशा नावांनी खरेदीदारच तुमच्याकडे पैसे मागू लागला, तर तो खरेदीदार नव्हे.

आता पैशांची अट. एलसी (ठरलेली कागदपत्रं दिली की पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी) असेल तर मसुदा आधी तुमच्या बँकेला दाखवा. ‘खरेदीदाराने सही केलेलं तपासणी प्रमाणपत्र’ हे कागदपत्रांच्या यादीत असेल तर ते कलम काढायला लावा. नाहीतर पैसे द्यायचे की नाही हे त्याच्या सहीवर ठरतं. एलसी नसेल तर निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती, जी दाखवून माल सोडवता येतो) बँकेच्या ऑर्डरवर काढा, म्हणजे बँकेच्या संमतीशिवाय माल सुटणार नाही. विमानाने माल जात असेल तर जास्त जपा: एअरवे बिल, म्हणजे विमान कंपनीची मालाची पावती, हा मालकी हक्काचा कागद नाही, त्यावर ज्याचं नाव त्याला माल मिळतो. अशा वेळी दुबईतल्या बँकेची आधी संमती घेऊन तिचंच नाव टाका.

न्हावा शेवा बंदर ते दुबईचं जेबेल अली बंदर हे अंतर थोडं, त्यामुळे कंटेनर अनेकदा कागदांच्या आधी पोचतो. मग फोन येतो: ‘माल सडतोय, टेलेक्स रिलीज द्या, पैसे टाकलेत, ही स्विफ्ट कॉपी.’ टेलेक्स रिलीज म्हणजे मूळ बिल ऑफ लेडिंगशिवाय माल सोडण्याची सूचना, आणि स्विफ्ट कॉपी म्हणजे बँकेने पैसे पाठवल्याच्या संदेशाची प्रत. पण तिची पीडीएफ म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात रक्कम जमा झाल्याचं तुमच्या बँकेने सांगितल्याशिवाय रिलीज देऊ नका. हेरून ठेवलेला दुसरा खरेदीदार इथे कामाला येतो. भाव पडला तरी त्याला विका.

उलट तुम्ही पैसे भरणार असाल, तर ‘आमचं बँक खातं बदललंय’ हा ईमेल आल्यावर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खातरजमा करा. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको. चुकीच्या खात्यात रक्कम गेलीच तर पहिला फोन स्वतःच्या बँकेला, व्यवहार परत बोलावण्यासाठी, आणि लगेच दुसरा सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० वर. दिवस उलटला की रक्कम पुढच्या खात्यांत गेलेली असते.