ट्रान्सपोझॉनवर काम करताना या चुका टाळा

सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की मानवी जीनोममधल्या (म्हणजे आपल्या संपूर्ण डीएनएमधल्या) ट्रान्सपोझॉनवर, म्हणजे जागा बदलणाऱ्या किंवा स्वतःची प्रत दुसरीकडे घुसवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर, दोन-तीन जण तरी काम घेतातच. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटहून एसटीने येणारी ही मुलं कष्टाळू असतात, पण अहवालांत त्याच त्या चुका येतात. काहींमुळे फक्त गुण जातात. काहींमुळे उद्या एखाद्या रुग्णाचं निदान हुकेल, म्हणून हे लिहितो आहे.

पहिल्याच पानावर ‘निरुपयोगी डीएनए’ असं लिहून मोकळं होऊ नका. मानवी जीनोमच्या 2001 च्या मसुद्यानुसार आपला सुमारे 45 टक्के जीनोम अशा घटकांपासून बनला आहे. गर्भाची वार (प्लासेंटा) तयार होताना पेशींना जोडणारं सिन्सिटिन हे प्रथिन प्राचीन विषाणूच्या जनुकातून आलं. प्रतिपिंडांची विविधता घडवणारं रॅग1 जनुकही मूळचं ट्रान्सपोझॉनचंच. पण म्हणून प्रत्येक प्रत उपयोगी ठरवायचीही घाई नको. बहुतेक प्रती मोडक्या, निष्क्रिय आहेत.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘उडी’वर. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात शोधलेले घटक जागा सोडून दुसरीकडे जातात. या कामाला 1983 मध्ये नोबेल मिळालं, आणि त्या उडीचीच आकृती मुलं मानवी आजाराखाली चिकटवतात. माणसातले त्या प्रकारचे घटक कोट्यवधी वर्षांपासून शांत आहेत. आपल्याकडे आज चालतात ते रेट्रोट्रान्सपोझॉन: मूळ प्रत जागेवरच राहते, तिच्या आरएनएवरून नवी प्रत बनते आणि ती दुसरीकडे घुसते. त्यातला मुख्य घटक एल1. त्याच्या सुमारे 5 लाख प्रतींपैकी एका माणसात हलू शकतात त्या जेमतेम 80 ते 100. अलू या छोट्या घटकाच्या 10 लाखांहून अधिक प्रती आहेत, पण स्वतःचं एन्झाइम नसल्याने ते एल1 चं यंत्र वापरतात. (मंगळवेढ्याच्या ज्वारीचाही निम्म्याहून अधिक जीनोम ट्रान्सपोझॉनचा आहे. तुलना करायची तर आधी त्यातले प्रकार वेगळे करा.)

हंटिंग्टन या मेंदूच्या आजारातली सीएजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती ट्रान्सपोझॉन नव्हे. ती या यादीत घालू नका.

आजाराचं कारण लिहितानाही नेमकं लिहा. 1988 मध्ये हेमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आजार) च्या 240 रुग्णांपैकी दोघांच्या फॅक्टर 8 जनुकात एल1 ची नवी प्रत सापडली. ही खरी घुसखोरी. पण एलडीएल रिसेप्टर (कोलेस्टेरॉलशी संबंधित) किंवा बीआरसीए1 (स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित) या जनुकांमध्ये अनेकदा दोन जुन्या अलूंची आपसांत अदलाबदल होऊन मधला तुकडा गळतो. तिथे कोणीच उडी मारलेली नसते.

आता प्रयोगशाळा. पीसीआरने डीएनएच्या हव्या तुकड्याच्या प्रती काढल्यावर जेलवर स्पष्ट पट्ट्यांऐवजी धूसर ओघळ दिसला तर मशीनला दोष देण्याआधी प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा) अलूत बसला आहे का ते पाहा. यूसीएससी या जीनोम पाहण्याच्या वेबसाइटवरून घेतलेल्या क्रमात पुनरावृत्त भाग लहान अक्षरांत असतो. प्रायमर मोठ्या अक्षरांतच निवडा. 16 व्या गुणसूत्रावरच्या पीव्ही92 या जागी (तिथे काहींमध्ये अलू असतो, काहींमध्ये नसतो) केलेल्या प्रयोगात अलू असलेली पट्टी मोठी, नसलेली लहान. पीसीआरला लहान तुकडा सोपा जातो, त्यामुळे मिश्र नमुन्यात (एका गुणसूत्रावर अलू आहे, जोडीच्यावर नाही) मोठी पट्टी फिकी पडते आणि विद्यार्थी ‘अलू नाही’ असं नोंदवतात. पीसीआरमधल्या एक्स्टेन्शनचा (प्रत लांबवण्याच्या टप्प्याचा) वेळ वाढवा, डीएनएचा दर्जा तपासा, शंका असेल तर पुन्हा चालवा. पोर्तुगीज कुटुंबांत आढळणारी बीआरसीए2 या बीआरसीए1 सारख्याच जनुकातली अलूची घुसखोरी नेहमीच्या तपासणीतून निसटते, तेही याच कारणाने.

आणि निगेटिव्ह एनजीएस रिपोर्टवर (डीएनए छोट्या तुकड्यांत वाचणारी तपासणी) विसंबू नका. साधारण 150 बेसच्या तुकड्यांत 300 बेसचा अलू पूर्ण मावत नाही, आणि एक्झोम तपासणीत (जनुकांचे फक्त प्रथिन बनवणारे भाग वाचणारी) इन्ट्रॉनचा, म्हणजे त्या भागांमधल्या मधल्या तुकड्यांचा, बहुतेक भाग वाचलाच जात नाही. अमेरिकेत बॅटन या मज्जासंस्थेच्या आनुवंशिक आजाराच्या एका मुलीत नेहमीच्या तपासणीत एकच म्युटेशन मिळालं होतं. संपूर्ण जीनोम वाचल्यावर दुसऱ्या प्रतीच्या इन्ट्रॉनमध्ये एसव्हीए हा आणखी एक रेट्रोट्रान्सपोझॉन सापडला, आणि त्यावरून तिच्यापुरतं औषध बनवलं गेलं. आपल्याकडच्या एखाद्या कुटुंबाच्या हातात असाच अर्धवट रिपोर्ट आला, म्हणजे लक्षणं रिसेसिव्ह आजाराची (जो जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यावरच होतो) पण म्युटेशन एकच, तर जेनेटिक काउन्सेलरमार्फत लॅबला सरळ विचारा: ट्रान्सपोझॉनच्या घुसखोरीसाठी डेटा तपासला होता का? नसेल, तर तोच डेटा योग्य सॉफ्टवेअरवर पुन्हा चालवता येतो, आणि तरीही काही मिळालं नाही तर लाँग-रीड सिक्वेन्सिंगचा (डीएनए लांब तुकड्यांत वाचण्याचा) विचार करता येतो.