रीसेटची टाचणी आधी बाजूला ठेवा

आमच्या घरी मेश वाय-फाय आहे, म्हणजे मुख्य राउटरचं वाय-फाय घरभर पोचवणारी छोटी यंत्रं, ज्यांना नोड म्हणतात. जिन्यावरच्या नोडचा दिवा लाल होऊन तो राउटरपासून तुटला की पूर्वी मी थेट टाचणी शोधायचो. रीसेटचं बटण दाबून धरायचं, ॲपमध्ये नोड नव्याने जोडायचा, झालं. आठवड्याभरात तो पुन्हा लाल. रीसेटमुळे नोडमधल्या नोंदी पुसल्या जातात आणि तो का तुटला हे कळायचा मार्गच बंद होतो. म्हणून आता रीसेट सगळ्यात शेवटी.

पहिलं काम साधं: रुसलेला नोड उचलून मुख्य राउटरपासून दोन-तीन मीटरवर लावा आणि पाच मिनिटं त्याला हात लावू नका. तिथे जोडला गेला, तर नोड ठणठणीत आहे. अडचण अंतराची, मधल्या भिंतींची नाहीतर चॅनेलची, म्हणजे राउटर ज्या लहरींच्या पट्ट्यावर बोलतो त्याची. तिथेही जोडला नाही, तर दोघांना नेटवर्कची केबल लावा. केबलवर चालतो पण हवेतून चालत नाही, म्हणजे वायरलेसची सेटिंग तपासायची. केबलवरही गप्प असेल, तर अडॅप्टर, फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) किंवा खुद्द यंत्राकडे वळायचं. एवढ्यानेच निम्मी शोधाशोध वाचते. नोड साखळीने जोडलेले असतील, तर आधी मधला तपासा. आमच्या वरच्या खोलीतला नोड बंद दिसायचा, पण तुटलेला असायचा जिन्यावरचा.

आता चॅनेल. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. ५ गिगाहर्ट्‌झमधले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल बहुतेक देशांत रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. अशा चॅनेलवर बोलण्याआधी राउटरला किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. रडारची चाहूल लागली तर चॅनेल सोडावा लागतो आणि पुढची ३० मिनिटं तिथे परतता येत नाही. राउटर दुसऱ्या चॅनेलवर जातो, त्याची सूचना नोडपर्यंत पोचली नाही तर तो जुन्याच जागी शोधत राहतो. घरातले फोन राउटरवर मजेत चालतात, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. राउटरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याने ठेवलेल्या नोंदींमध्ये, ‘रडार’ हा शब्द शोधा.

मला तो सापडला, म्हणून चॅनेल ३६ वर पक्का केला. तरीही नोड तुटतच राहिला. दोन दिवसांनी लक्षात आलं की चॅनेलची रुंदी १६० मेगाहर्ट्‌झ होती. एवढी रुंदी घेतली की ३६ पासूनचा पट्टा थेट ६४ पर्यंत जातो, म्हणजे अर्धा भाग रडारवाल्या चॅनेलवरच. रुंदी ८० केली आणि तेव्हापासून जिन्यावरचा दिवा हिरवा आहे. तुमच्या ॲपमध्ये चॅनेल निवडता येत नसेल, तर निदान १६० चा पर्याय बंद करून बघा.

वीज जाऊन आल्यावरच नोड हरवत असेल, तर सगळं एकदम सुरू होऊ देऊ नका. आधी मोडेम, मग मुख्य राउटर, त्याचा दिवा स्थिर झाला की जवळचा नोड आणि शेवटी लांबचा. अडॅप्टरही अदलाबदल करून पाहा, मात्र व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. थकलेल्या अडॅप्टरवर दिवा लागतो, पण काम वाढलं की नोड आपोआप पुन्हा चालू होत राहतो.

केबलने जोडलेल्या नोडांचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर केबलचं वर्तुळ झालंय का बघा. एकाच नोडपासून नेटवर्क स्विचपर्यंत (अनेक केबल जोडायच्या डबीपर्यंत) दोन केबल गेल्या असतील, तर एक काढा.

वाय-फायच्या सुरक्षेची सेटिंग फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर नेल्यापासून जुना नोड येत नसेल, तर ती जुनी डब्ल्यूपीए२ आणि नवी ३ अशी मिश्र ठेवा. राउटरचं फर्मवेअर अपडेट होताना नोड बंद असेल, तर तो जुन्याच आवृत्तीवर राहतो. त्याला केबल लावून अपडेट करा.

इतकं करूनही तो येत नसेल, तर टाचणी घ्या. पण आधी लॉग जतन करा, ॲपमधून तो नोड काढून टाका आणि मगच बटण दाबा. जोडणी राउटरशेजारीच करा, दिवा स्थिर होईपर्यंत थांबा, मग त्याला जिन्यावर न्या.