मालक वाडीतलाच असला, तरी ‘नाही’ कसं म्हणायचं

मालवण-तारकर्लीकडच्या हॉटेलांत मालक बहुतेक वेळा वाडीतला, नाहीतर वडिलांच्या ओळखीचा. मग भीड पडते आणि डिसेंबरच्या सीझनला सुट्टीचा दिवसही कामातच जातो.

गिऱ्हाइकांची जेवणं चालू असताना विषय काढू नका. दुपारी ३ नंतर, ताटं आवरली की एकट्याने गाठा. काय घडलं, त्याने काय अडतं, काय हवं, एवढंच बोला: “काका, गेले तीन रविवार रात्री ११ पर्यंत थांबलो. सकाळी ६ ला यायला झोप पुरत नाही. या रविवारी ८ ला निघेन, भांड्यांचं संदीपला सांगून ठेवतो.” आणि गप्प बसा. घोटाळा इथेच होतो: समोरचा बोलेना की आपण घाबरून “बघतो, जमवतो” म्हणून मोकळे! मनात दहापर्यंत मोजा.

आजी आजारी असल्याची थाप नको. गावात संध्याकाळपर्यंत कळतं.

“तू घरचाच ना?” आलं, तर “घरचाच, म्हणून आधी सांगतोय” म्हणा आणि तीच मागणी पुन्हा, आवाज न चढवता.

पैशांचं वेगळ्या दिवशी बोला. जादा तास तारीखवार वहीत लिहिलेले असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर आहे, पण मोजक्या माणसांच्या धंद्याला तो लागू होत नाही. तिथे दर सीझनआधीच ठरवा. गणपतीची रजा जुलैतच व्हॉट्सअ‍ॅपवर मागून ठेवा, चतुर्थी जवळ आली की सगळेच रांगेत असतात.