फ्लोमीटर चुकतोय? कार्ड बदलण्याआधी पाइप बघा

"भाऊ, टाकी अर्धीच भरली, अन् मीटर तं पुरं पाणी दाखवून राह्यलं."

अकोला-वाशीमकडच्या एखाद्या सॉल्व्हंट प्लांटमधून (बियांतलं तेल हेक्झेन या द्रावकाने काढणाऱ्या कारखान्यातून) असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: मीटर बसवलाय कुठे? फ्लोमीटरचा, म्हणजे पाइपातून किती द्रव किंवा वाफ जाते ते मोजणाऱ्या मीटरचा, डबा क्वचित बिघडतो. चूक बहुतेक वेळा पाइपात असते, नाहीतर आपणच मीटरमध्ये भरलेल्या आकड्यांत. तरी सगळे आधी कार्ड (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलतात. मीही बदललं होतं.

एका तेल कारखान्यात बोअरच्या पाण्यावर मॅगमीटर, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर होता. आकडा टाकीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त यायचा. कार्ड बदललं, केबल बदलली, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या फिटरने पाइपावर पाना वाजवला. खालून आवाज भरीव, वरून पोकळ. पाइप अर्धाच भरून वाहत होता, कारण मीटरच्या पुढे दोन हातांवर तो टाकीच्या तोंडात मोकळा सोडला होता.

मॅगमीटर फॅरडेच्या नियमावर चालतो. चुंबकीय क्षेत्रातून पाणी गेलं की वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज तयार होतो. मीटरला कळतो तो वेग. पाइप भरलेला आहे असं धरून तो त्याला पूर्ण क्षेत्रफळाने गुणतो. पाणी अर्ध्याच पाइपातून गेलं तरी गुणाकार पूर्ण पाइपाचा.

म्हणून मॅगमीटर उभ्या पाइपात बसवा, पाणी खालून वर चढेल असा. जागा नसेल तर आडवी लाइन खाली वाकवून खोलगट भाग करा आणि मीटर त्यात ठेवा. आडवा बसवताना दोन्ही इलेक्ट्रोड (तो व्होल्टेज पकडणारी धातूची टोकं) डाव्या-उजव्या बाजूला येऊ द्या. एक वर आला तर पाइपात साचलेली हवा त्याच्यावरच बसते. मीटरच्या आधी पाइपाच्या व्यासाच्या ५ पट आणि नंतर निदान २-३ पट सरळ लांबी सोडा.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते. लाइट गेली, पंप थांबला, पाइप रिकामा झाला, तरी टोटलायझर (एकूण प्रवाहाची बेरीज दाखवणारा आकडा) पुढे सरकत राहतो. कोरड्या पडलेल्या इलेक्ट्रोडवरचा गोंगाट मीटर प्रवाह समजतो. रिकामा पाइप ओळखण्याची सोय मेनूमध्ये असते, ती बहुतेक ठिकाणी बंदच सापडते. ती चालू करा.

आता अर्थिंग. लोखंडी पाइपात मीटर पाण्याशी आपसूक जोडलेला असतो. एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपात ते होत नाही, तिथे दोन्ही फ्लँजमध्ये ग्राउंडिंग रिंग (पाण्याला अर्थ देणाऱ्या धातूच्या कड्या) लागतात. आणि आपली काळी माती! एप्रिल-मेमध्ये तिला हातभर भेगा पडतात, अर्थपिट कोरडा होतो आणि शेजारी वेल्डिंग सुरू झालं की आकडा नाचायला लागतो. अर्थपिटात पाणी घालून आकडा जागेवर आल्याचं मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय. खारपाण पट्ट्यात पाणी चांगलं वाहक असतं, त्यामुळे मॅगमीटरला ते सोयीचंच. पण क्षार इलेक्ट्रोडवर बसतात. वर्षातून एकदा मीटर उघडून पुसा.

तेलावर किंवा हेक्झेनवर मात्र मॅगमीटर लावूच नका. द्रवाची वाहकता साधारण ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या वर हवी. सोयाबीन तेल तिच्या जवळपासही जात नाही. डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याचंही तेच. स्वस्त मिळाला म्हणून तेलाच्या लाइनवर लावलेला मॅगमीटर शून्य दाखवेल, नाहीतर वाटेल ते. तेलाला ओव्हल गिअर मीटर (दातेरी चाकांच्या फेऱ्यांवरून मोजणारा) चालतो, आणि पैसे असतील तर कोरिओलिस (थरथरत्या ट्यूबवरून मोजणारा). कोरिओलिस थेट किलो मोजतो, पण त्याचा झीरो घेताना, म्हणजे शून्य प्रवाह कोणता ते त्याला शिकवताना, ट्यूब भरलेली आणि प्रवाह पूर्ण थांबलेला पाहिजे. व्हॉल्व्ह थोडा गळत असताना झीरो घेतला तर तेवढी गळती कायमची 'शून्य' होऊन बसते.

वाफेचं भांडण

दरवर्षी हे भांडण होतं. प्लांटवाले म्हणतात बॉयलर वाफ देत नाही, बॉयलरवाला म्हणतो, "मीटर पाहा ना, केवढी वाफ खाऊन राह्यले तुमी!" खरं तर दोघेही प्रामाणिक असतात.

समजा व्होर्टेक्स, म्हणजे भोवरे मोजणाऱ्या मीटरमध्ये घनता १० बार गेज (वातावरणाच्या दाबाच्या वर मोजलेल्या) दाबाची भरली आहे. तिथे संपृक्त (त्या दाबाच्या उत्कलनबिंदूवरची) वाफ घनमीटरला सुमारे ५.६ किलो भरते. पावसात कुटाराच्या किंवा पऱ्हाटीच्या ब्रिकेट भिजल्या, भट्टी मंदावली आणि दाब ७ बारवर आला. आता घनता सुमारे ४.२ किलो. मीटर घनमीटर बरोबर मोजतो, पण किलो करताना जुन्याच घनतेने गुणतो आणि वाफ जवळपास ३५ टक्के जास्त दाखवतो. तीच लाइन ओरिफिस प्लेटवर (भोकाच्या चकतीमुळे पडणाऱ्या दाबातल्या फरकावरून प्रवाह काढण्यावर) असती तर चूक १६ टक्क्यांच्या आसपास राहिली असती, कारण तिथे घनता वर्गमुळात येते. उपाय एकच: दाबाचा किंवा तापमानाचा सेन्सर जोडून घनता चालू दाबावर दुरुस्त करून घ्या. संपृक्त वाफेला दोन्हींपैकी एक पुरतो, सुपरहीटेड (त्याहून जास्त तापवलेली) असेल तर दोन्ही लागतात.

दुसरी तक्रार: वाफ चालू आहे, मीटर शून्य. दिवाळीनंतर आवक जोरात असते तेव्हा सगळं ठीक चालतं. उन्हाळ्यात प्लांट अर्ध्या लोडवर आला की मीटर गप्प. व्होर्टेक्स मीटर अडसरामागे सुटणारे भोवरे मोजतो. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की मोजण्याजोगे भोवरेच उरत नाहीत. पाइप १५० मिलिमीटरचा म्हणून मीटरही १५०चा घेतला, ही मूळ चूक. कमीतकमी प्रवाह धरून हिशेब करा. बऱ्याचदा १००चाच मीटर बसतो, रिड्यूसर आणि त्यानंतर पुरेसा सरळ पाइप देऊन. कंट्रोल व्हॉल्व्ह असेल तर मीटर त्याच्या आधी ठेवा.

ओरिफिसवाल्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. एक, प्लेटची धारदार कड येणाऱ्या प्रवाहाकडे आहे ना? उलटी बसली तर प्रवाह कमी दिसतो. दोन, वर्गमूळ एकदाच काढलंय ना? ट्रान्समीटरनेही (दाबातला फरक मोजून पाठवणाऱ्या यंत्राने) काढलं आणि पीएलसीनेही (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरने), तर खरा ५० टक्के प्रवाह ७१ टक्के दिसतो; कुणीच काढलं नाही तर २५. ही चूक इतकी सर्रास होते की मी आता पहिल्याच भेटीत दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी उघडतो. तीन, शटडाउननंतर कंडेन्सेट पॉट (वाफ आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये पाणी धरून ठेवणारं भांडं) पाण्याने भरल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नका. १० बारची वाफ १८४ अंशांची असते, ती थेट ट्रान्समीटरच्या डायफ्रामवर गेली तर मग खरंच नवा घ्यावा लागतो.

हवा आणि क्लॅम्प-ऑन

कॉम्प्रेस्ड हवेत घनमीटर आणि नॉर्मल घनमीटर (ठरावीक प्रमाण दाब-तापमानावर आणून मोजलेला) यांची गल्लत होते. ७ बार गेज आणि ३५ अंशांवरचा एक घनमीटर म्हणजे सुमारे ७ नॉर्मल घनमीटर. कॉम्प्रेसरवाल्याचा आकडा आणि मीटरचा आकडा जुळवण्याआधी एकक वाचा.

क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक (पाइपावर बाहेरून बांधून ध्वनिलहरींनी मोजणारं) फिरतं मीटर म्हणून झकास, पण जुन्या जीआय पाइपावर सांभाळून. १०० मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपात चोहोबाजूंनी ५ मिलिमीटर क्षार बसले की क्षेत्रफळ ८१ टक्केच उरतं, आणि मीटर सुमारे २३ टक्के जास्त दाखवतो. विदर्भाच्या मे महिन्यात सेन्सर आणि पाइप यांच्यामधलं जेलही वाळतं. सिग्नल कमी झाला की आधी नवं जेल लावा.

कुणाला बोलावण्याआधी टाकीची चाचणी करा. २ बाय २ मीटरची टाकी, बाहेरचा व्हॉल्व्ह बंद, पाणी २५ सेंटीमीटर चढलं की एक घनमीटर. हातात घड्याळ आणि मोजपट्टी, बस. आणि मीटर कॅलिब्रेशनला पाठवण्याआधी सगळ्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. परत आलेल्या मीटरचा के-फॅक्टर (सिग्नलचा प्रवाह करणारा गुणक) बदललेला असतो, पीएलसीत जुनाच राहतो, आणि बसवणारा बाणाची दिशा न बघताच नट आवळून मोकळा होतो.