शब्द साठवताना लिंग कुठे, वचन कुठे?

संगणकाकडून वाक्यं रचून घेण्याच्या कामात नवे असाल, तर शब्दांची मोठी यादी जमवायच्या मागे लागू नका. आधी 'घोडा' हा एकच शब्द नीट साठवून बघा. त्याचं लिंग त्याचं स्वतःचं आहे, ते कोशातल्या नोंदीत जातं. वचन आणि विभक्ती मात्र वाक्य ठरवतं. वाक्यं रचणाऱ्या सिम्पलएनएलजी या जावा लायब्ररीत म्हणूनच कोशातला शब्द आणि वाक्यात वापरलेला शब्द या दोन वेगळ्या वस्तू आहेत. विशेषणाचं उलटं: 'चांगला'ला स्वतःचं लिंग नाही, ते नामाकडून येतं.

नोंदीला ओळख क्रमांक द्याच. 'तो वेळ' आणि 'ती वेळ' लिहायला सारखेच, पण नोंदी दोन.

मराठीत खरी कसोटी सामान्यरूपाची. 'घोडा–घोड्याला', 'रस्ता–रस्त्याला' बघून आपण खुशीत नियम लिहितो आणि पुढे 'राजा' येतो. नियमाने 'राज्याला' तयार होतं. तेही शुद्धच, फक्त ते 'राज्य'चं रूप! शुद्धलेखन तपासनीस यावर हूं की चूं करत नाही. त्यामुळे नियम कोडमध्ये आणि अपवाद नोंदीत, ही विभागणी मला सगळ्यात टिकाऊ वाटते. प्रत्येक शब्दाची सगळी रूपं साठवायचा मोह होतो, पण मग दुरुस्ती करताना जीव जातो.

क्रियापदाला लिंग कुठून द्यायचं, यावर मात्र वेळ घालवा. 'मुलीने लेख वाचला', 'मुलीने चिठ्ठी वाचली', 'मुलीने पत्र वाचलं': कर्ता तोच, क्रियापद कर्माच्या मागे. आणि कर्मालाच 'ला' लागला की 'मुलीने मांजरीला पकडलं'. आता क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात बसून राहतं. म्हणजे विभक्ती आधी ठरली पाहिजे, क्रियापदाचं रूप त्यानंतर. हा क्रम उलटा असलेला कोड मी बराच पाहिलाय. त्यात प्रत्येक वाक्यासाठी एक नवा 'इफ' चिकटवलेला असतो.

लिंग, वचन, विभक्ती अशा वैशिष्ट्यांना नावं मनाने ठेवू नका. अनेक भाषांच्या व्याकरणासाठी एकच खुणापद्धत वापरणाऱ्या युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या प्रकल्पाची ठरलेली लेबलं आहेत, त्यात मराठीचा छोटा वृक्षसंग्रहही (व्याकरणाच्या खुणा केलेल्या वाक्यांचा साठा) आहे. भाषाशास्त्राची पदवी नसली तरी चालतं. शालेय व्याकरणातलं 'प्रयोग' प्रकरण मात्र पुन्हा वाचा, आणि या कामाच्या नोकरीसाठी मुलाखतीला जाताना कर्तरी, कर्मणी, भावे तिन्हींची वाक्यं बरोबर काढणारा छोटा प्रोग्राम दाखवायला ठेवा.