‘पेक्षा’ आणि ‘दॅन’: इंग्रजी वाक्यदुरुस्तीतील तुलना कशी तपासावी

‘माझे घर तुझ्यापेक्षा मोठे आहे’ हे वाक्य मराठीत कोणालाही खटकत नाही. ‘तुझ्यापेक्षा’ म्हणजे तुझ्या घरापेक्षा, हे ऐकणारा आपणहून समजून घेतो. हेच वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत नेले, तर ‘माय हाउस इज बिगर दॅन यू’ असे होते आणि त्याचा अर्थ ‘माझे घर तुझ्या देहाहून मोठे आहे’ असा निघतो. वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नांत मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराचे गुण ज्या ठिकाणी हमखास जातात ते हेच ठिकाण आहे. आपले ‘पेक्षा’ उदार आहे. त्याच्यामागचे अर्धे वाक्य आपण मनातल्या मनात भरतो. इंग्रजीतील ‘दॅन’ मात्र शब्दशः हिशेब मागते.

व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅट या परीक्षेने 2023 साली आणलेल्या नव्या स्वरूपातून वाक्यदुरुस्तीचा प्रकार वगळला आहे. तरीही कर्मचारी निवड आयोगाच्या आणि बँकांच्या परीक्षांत ‘सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट’ किंवा ‘स्पॉटिंग एरर’ या नावांनी तो भेटत असतो, आणि तुलनेची चूक हा त्यातला जुना, ठरलेला सापळा आहे.

वाक्यात ‘दॅन’, ‘अ‍ॅज’, ‘लाइक’, ‘अनलाइक’, ‘कम्पेअर्ड विथ’, ‘सिमिलर टू’ किंवा ‘डिफरंट फ्रॉम’ दिसले, की पुढे वाचणे थांबवून त्या शब्दावर पेन्सिलीने खूण करावी. मग उजवीकडे काय आहे ते आधी पाहावे आणि त्याची जोडी डावीकडे शोधावी. उजवीकडे शहर असेल तर डावीकडे शहर हवे, उजवीकडे हवामान असेल तर डावीकडेही हवामान हवे. एक उदाहरण घेऊ: ‘द बेसिन ऑफ द गोदावरी इज लार्जर दॅन द कृष्णा.’ माहिती म्हणून यात काही खोटे नाही. गोदावरीचे खोरे सुमारे 3,12,812 चौरस किलोमीटरचे आणि कृष्णेचे सुमारे 2,58,948 चौरस किलोमीटरचे आहे. पण वाक्यात डावीकडे खोरे आहे आणि उजवीकडे नदी. दुरुस्त वाक्य असे होईल: ‘द बेसिन ऑफ द गोदावरी इज लार्जर दॅन दॅट ऑफ द कृष्णा.’ येथे ‘दॅट’ हे सर्वनाम ‘बेसिन’ या शब्दाच्या जागी उभे आहे, आणि म्हणूनच त्याचे वचन मूळ नामाशी जुळावे लागते. ‘द स्ट्रीट्स ऑफ पुणे आर नॅरोअर दॅन दोज ऑफ नागपूर’ यात ‘स्ट्रीट्स’ अनेकवचनी असल्यामुळे ‘दोज’ आले. परीक्षक पर्यायांत ‘दॅट ऑफ’ आणि ‘दोज ऑफ’ शेजारीशेजारी ठेवतो, तेव्हा तो फक्त एवढेच तपासत असतो.

व्यक्तीच्या बाबतीत षष्ठीचा ‘ज’ लावूनही काम भागते: ‘रवीज हँडरायटिंग इज नीटर दॅन सुनीताज.’ मात्र ‘दॅट ऑफ सुनीताज’ असा दोन्हींचा संकर करू नये. मालकी एकदाच दाखवायची असते, आणि हा संकर चुकीच्या पर्यायांत वारंवार दिसतो.

‘अनलाइक’ने किंवा ‘लाइक’ने सुरू होणारे वाक्य त्याहून फसवे असते, कारण तुलनेची दुसरी बाजू स्वल्पविरामाच्या पलीकडे असते. समजा, प्रश्न असा आहे: ‘अनलाइक पुणे, द रेनफॉल ऑफ महाबळेश्वर इज व्हेरी हेवी.’ त्यातील ‘अनलाइक पुणे’ अधोरेखित आहे आणि पर्याय आहेत (अ) अनलाइक इन पुणे, (ब) अनलाइक दोज ऑफ पुणे, (क) अनलाइक दॅट ऑफ पुणे, (ड) सुधारणेची गरज नाही. स्वल्पविरामानंतर लगेच आलेला कर्ता ‘रेनफॉल’ आहे, म्हणजे अलीकडेही पाऊसच हवा. म्हणून (ड) गेला. ‘रेनफॉल’ एकवचनी आहे. म्हणून (ब) गेला. ‘अनलाइक’नंतर नाम किंवा सर्वनाम लागते, ‘इन पुणे’ असा तुकडा चालत नाही. म्हणून (अ) गेला. उरला (क). अधोरेखित भाग उत्तरार्धात असता, तर दुसऱ्या बाजूने दुरुस्ती करता आली असती: ‘अनलाइक पुणे, महाबळेश्वर गेट्स व्हेरी हेवी रेनफॉल.’ येथे शहरासमोर शहर आले. स्वल्पविरामानंतरचा पहिला कर्ता कोण, हा एकच प्रश्न विचारला तरी अशा वाक्यांतील बहुतेक पर्याय गळतात.

‘लाइक’ आणि ‘अ‍ॅज’ यांचा गोंधळही मराठीतूनच येतो, कारण ‘सारखे’ आणि ‘प्रमाणे’ आपण दोन्हीकडे वापरतो. ‘लाइक’पुढे नाम येते: ‘लाइक हर मदर, शी इज अ टीचर.’ ‘अ‍ॅज’पुढे कर्ता आणि क्रियापद असलेले उपवाक्य येते: ‘शी टीचेस अ‍ॅज हर मदर डिड.’ बोलण्यात इंग्रज लोकही हा भेद पाळतातच असे नाही, पण परीक्षा पाळते.

स्वतःचीच स्वतःशी तुलना हा आणखी एक सापळा आहे. ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ हे वाक्य चूक आहे, कारण 1,646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर महाराष्ट्रातच आहे आणि ते स्वतःपेक्षाच उंच असू शकत नाही. तेथे ‘एनी अदर पीक’ हवे. उलट ‘एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ हे बरोबर, कारण एव्हरेस्ट त्या गटात नाही. म्हणजे ‘अदर’ लावायचे की नाही, हे व्याकरणाइतकेच भूगोलावर ठरते. उत्तमावस्थेत मात्र ‘अदर’ येत नाही: ‘द हायेस्ट ऑफ ऑल अदर पीक्स’ असे न लिहिता ‘द हायेस्ट ऑफ ऑल द पीक्स’ असे लिहावे.

मराठीत तुलनेसाठी विशेषणाचे रूप बदलत नाही. ‘मोठा’ हा ‘मोठा’च राहतो आणि सारे काम ‘पेक्षा’ किंवा ‘सर्वांत’ करते. त्यामुळे ‘मोर बिगर’ किंवा ‘मोस्ट टॉलेस्ट’ अशी दुहेरी रूपे आपल्या कानाला चूक वाटत नाहीत. (आपण स्वतःही ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, जरी संस्कृतात ‘श्रेष्ठ’ हे आधीच उत्तमावस्थेचे रूप आहे.) ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ ही लॅटिनमधील तुलनारूपे असल्याने त्यांच्यापुढे ‘टू’ येते, ‘दॅन’ नाही, ‘प्रिफर’चेही तसेच, ‘आय प्रिफर टी टू कॉफी’. दोघांत तुलना असेल तर ‘द टॉलर ऑफ द टू’. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यांसाठी ‘लेस’.

काही वाक्यांत व्याकरण ठीक असते, पण अर्थ दोन निघतात. ‘आय ट्रस्ट सुनीता मोर दॅन रवी’ यात रवी हा विश्वास ठेवणारा आहे की ज्याच्यावर विश्वास ठेवला जातो तो, हे कळत नाही. पहिला अर्थ हवा असेल तर ‘मोर दॅन रवी डज’, दुसरा हवा असेल तर ‘मोर दॅन आय ट्रस्ट रवी’. मराठीत ‘मी रवीपेक्षा सुनीतावर जास्त विश्वास ठेवतो’ हे वाक्यही तसेच संदिग्ध आहे, म्हणून भाषांतर करून पाहिल्याने येथे उलगडा होत नाही. सुटलेले क्रियापद इंग्रजीतच भरून पाहावे लागते. अर्धवट सोडलेली जोडीही अशीच पूर्ण करून पाहावी: ‘अ‍ॅज गुड इफ नॉट बेटर दॅन’ यात पहिल्या ‘अ‍ॅज’चा जोडीदार हरवला आहे, म्हणून ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज, इफ नॉट बेटर दॅन’ असे हवे.

हे सगळे शिकल्यावर उमेदवाराला नवाच रोग जडतो, तो म्हणजे दिसेल तेथे ‘दॅट ऑफ’ घालण्याचा. ‘महाबळेश्वर रिसीव्ह्ज मोर रेन दॅन पुणे’ हे वाक्य समोर आले, की तो लगेच ‘दॅन दॅट ऑफ पुणे’ हा पर्याय निवडतो. पण येथे कर्ता महाबळेश्वर आहे, पाऊस नाही. पाऊस मिळवणाऱ्या दोन गावांची तुलना आहे आणि ती आहे तशीच बरोबर आहे. हवे तर शेवटी ‘डज’ जोडता येईल, पण ते नसले तरी काही बिघडत नाही. अशा प्रश्नाचे उत्तर ‘नो एरर’ हेच असते.